पाचवी तार

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत बेस गिटार वाजवत होते आणि पप्पा समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकत होते असं मला वाटत होतं. त्यांचा उजवा पाय ठेक्यावर हलत होता, मान डोलत होती. मधेच माझ्या अँपचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरचा, लाल दिवा विझला. लाइट गेली होती. थंडीमुळे पंखा बंदच होता आणि खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, त्यामुळे खोलीत दुसरं काहीच बदललं नाही. फक्त आवाज गेला. तारांवर बोटं पडल्याची टकटक तेवढी उरली, तीही मलाच जेमतेम ऐकू येत होती.

मी तिथेच का थांबले नाही ते मला सांगता येत नाही. बोटं चालू होती, ती चालू राहिली. आणि पप्पांचा पायही हलत राहिला, बरोबर ठेक्यावर. मी सगळा तुकडा शेवटपर्यंत वाजवला. पप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "छान. आज लय भारी वाजवलंस."

तेवढ्यात आतून मम्मी ओरडली, "अगं, लाइट गेली का? चटणी अर्धी वाटून राहिली माझी."

"हो," मी म्हणाले.

मी कुणाला तरी उत्तर दिलं हे पप्पांना दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अँपच्या विझलेल्या दिव्याकडे.  थोड्या वेळाने ते उठले, "बोटं चांगली चालतात तुझी," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागले. ते काम ते एरवी करत नाहीत.

पप्पा नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, सरकवायचा, वरून प्रेस दणकन खाली येतो, पत्र्याचा भाग कापून किंवा वाकवून निघतो. दिवसभर तेच, आणि आजूबाजूला तसेच आणखी प्रेस. त्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. कॉलर चिमटीत धरली की साहेब येतोय. पंजा आडवा धरला की थांब. नवीन डाय बसवली की आधी एकच पीस काढतात आणि तपासतात. तो बरोबर निघाला की तपासणारा एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर एकदा आपटून दाखवतो: ओके, चालू कर. ती खूण मिळाल्याशिवाय दुसरा पीस काढायचा नाही. आणि ज्याने डाय बसवली त्याने स्वतःच्या कामाला स्वतः ओके द्यायचं नाही, ते दुसऱ्याने द्यायचं.

या खुणा आमच्या घरात मी बोलायला लागायच्या आधीपासून आहेत. मम्मी पहिली भाकरी ताटात टाकते, पप्पा एक घास चावून मूठ तळव्यावर आपटतात, मग ती दुसरी थापायला घेते. "मी स्वयंपाकाला क्वालिटीचा माणूस ठेवलाय," असं ती कॉलनीतल्या बायकांना सांगते. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. मग एकदा माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत, डब्याच्या सुट्टीत, मैत्रिणीच्या डब्यातलं काहीतरी फार आवडलं म्हणून मी तिला मूठ आपटून दाखवली. रागावलीस का, असं तिने इंग्रजीत विचारलं. त्यानंतर मी ती खूण बाहेर केली नाही. घरातल्या बऱ्याच गोष्टी फक्त घरातच करायच्या असतात हे मी हळूहळू शिकले, त्यातली ही पहिली.

पप्पा गेल्या वर्षी रिटायर झाले. दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन बाहेर पडलो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि प्रेसवर काम केलेल्या माणसासाठी ती खरंच अभिमानाची गोष्ट आहे. तिथे सगळे एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून असतात. कानांकडे कुणाचं लक्ष नसतं.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला एक आलेख दाखवला होता. डावीकडे रेघ वर आणि जवळपास सपाट होती, मग उजवीकडे जाताना कड्यावरून उतरावी तशी एकदम खाली गेली होती. "यांना जाड आवाज अजून चांगले येतात," डॉक्टर मला म्हणाले. "बारीक आवाज जात चाललेत. आणि हे इथेच थांबेल असं काही सांगता येत नाही." मग त्यांनी उतारावर पेनाने एक गोल काढला. "बायकांचं, मुलांचं बोलणं समजायला लागतं ते साधारण इथे."

माझा आवाज बारीक आहे, आणि मी हळू बोलते. शाळेत प्रत्येक बाईंनी मला उभं करून तेच वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावलेलं आहे. त्या गोलाकडे बघताना माझ्या लक्षात आलं की पप्पा कित्येक वर्षं माझं बोलणं ऐकत नव्हते, बघत होते. 'पप्पा' म्हणताना ओठ दोनदा मिटतात, तो शब्द त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. पाठमोरे असले की दिसत नाही. त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते टीव्हीखालच्या खणात असतं. "त्याच्यात तुझ्या मम्मीची भांडी वाजतात फक्त," ते म्हणतात. मम्मी त्यांना हाक मारायची म्हणजे खोलीतला दिवा चालू-बंद करते. मी खांद्याला हात लावते.

बेसकडे मी काही आवडीने गेले नव्हते. शाळेच्या संगीतखोलीत गिटारला रांग लागायची आणि कोपऱ्यातल्या बेसला कोणी हात लावत नव्हतं. बेसवाल्याने मागे उभं राहायचं असतं, गायचं नसतं, लोकांकडे बघायचं नसतं. मला ते सगळंच सोयीचं होतं. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता. पुढे बाकीचे तिघे नोकरीसाठी पुण्याला गेले आणि मी इथे एका ऑफिसात मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायला लागले. एकटा बेस वाजवणं हा विचित्र प्रकार आहे. गाणं नसलेल्या गाण्याचा पाया घालत बसायचं. ऐकणाऱ्याला कळतच नाही वर काय यायचं होतं. तरीसुद्धा रविवारी पप्पा खुर्ची ओढून समोर बसायचे, आणि मला वाटायचं, एकाला तरी कळतंय.

त्या दुपारनंतर मी काही महिने त्यांच्यासमोर वाजवलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. खुर्ची मात्र तिथेच होती, मम्मी केर काढताना ती उचलून परत जागेवर ठेवायची.

एप्रिलमध्ये आमच्या कॉलनीतून जयंतीची मिरवणूक निघाली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि मागे ट्रकवर रचलेली डीजेच्या डब्यांची भिंत. मी लोकांच्या मागे, एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. मला गर्दी बघायला आवडते, गर्दीत असायला नाही. ट्रक जवळ आला तशी म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून मागे सरकायला लागली, बायकांनी लेकरांना उचललं. आणि सगळे मागे येत असताना पप्पा पुढे जाताना दिसले. ते ट्रकच्या कडेने चालत अगदी खालच्या, सगळ्यांत मोठ्या डब्याशी गेले आणि त्याच्याबरोबर चालायला लागले. एक हात त्यांनी छातीवर सपाट ठेवला होता. त्यांचे ओठ हलत होते.

पप्पा तरुणपणी कॉलनीच्या गायन पार्टीत कोरसला उभे राहायचे, हे मला मम्मीकडून माहीत होतं. मी त्यांना गाताना कधी पाहिलं नव्हतं. मी पायरीवरून त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. गाणं मला पाठ होतं, सगळ्यांनाच असतं. पप्पा एकाही शब्दाला मागे-पुढे होत नव्हते. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी घरात पाहिलेला नव्हता. मला त्या ट्रकचा हेवा वाटला. हे लिहायला वेडगळ वाटतं, पण खरं आहे. मला वाटलं, त्या डब्यातून जे त्यांच्यापर्यंत जातंय ते माझ्याकडून का जाऊ नये? माझा आवाज जाणार नव्हता. पण माझ्याकडे बेस होता, आणि बेसचे सूर जाड असतात.

माझा बेस म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा काळा बेस, छोट्या अँपसकट एकाच खोक्यात आलेला. त्याने माझं सगळं शिकणं सहन केलं, त्याबद्दल मला त्याला नावं ठेवायची नाहीत. पण नाशिकच्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्याची मान किंचित वाकली होती, आणि सगळ्यांत जाड तार छेडली की बादलीची कडी खडखडल्यासारखी वाजायची. मे महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर मी तो पाठीवर घेऊन कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या वाद्यांच्या दुकानात गेले आणि दुकानातल्या मोठ्या अँपला लावून पाहिला. खडखड मोठी झाली, एवढंच.

दुकानदारकाकांनी काउंटरमागून मान वर केली. "ताई, आवाज मोठा केला म्हणून खोल नाही होत. आता याला निवृत्त करा."

"बघते," मी म्हणाले.

"तुम्ही पावसाळ्यापासून बघताय," काका म्हणाले.

खरं होतं. त्या दुकानात भिंतीवर एक हिरवा बेस टांगलेला होता. पिकायच्या आधी द्राक्षाचा असतो तसा हिरवा, बारीक मानेचा, हलका. माझे हात लहान आहेत. काळ्या बेसवर करंगळी ताणून ताणून मी वाजवायला शिकले होते, आणि हा हिरवा मी पहिल्यांदा मांडीवर घेतला तेव्हा माझी बोटं न ताणता जिथे पाहिजे तिथे जाऊन पडली होती. जणू कुणीतरी माझ्या हाताचं माप घेऊन केला होता. त्यानंतर महिन्यातून एक-दोनदा मी दुकानात जायचे, तारा बघायला आलेय असं दाखवायचे, आणि काका न विचारताच तो खाली काढून द्यायचे. घरी झोपताना मी त्याच्यावर काय काय वाजवीन ते मनात वाजवायचे. पैसे साठत होते आणि मी तो घेणार होते, हे ठरल्यासारखंच होतं. फक्त आता मला आणखी एक गोष्ट हवी होती. घेण्याआधी तो पप्पांना ऐकू येतो का, हे मला बघायचं होतं.

एका शनिवारी मी पप्पांना म्हणाले, "चला ना माझ्याबरोबर, जड सामान आणायचंय." खरं कारण मी सांगितलं नाही. ते मोटरसायकल चालवत होते, मी मागे. गाडीवर आम्ही कधीच बोलत नाही, माझे ओठ त्यांना दिसत नाहीत. वळायचं असलं की मी त्या बाजूच्या खांद्यावर टिचकी मारते.

"या ताई," काका म्हणाले. "आज नुसतं दर्शन की प्रसादपण?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

मी ओठ नीट हलवून सांगितलं. ते हसले आणि काकांना म्हणाले, "आधी देव तर दाखवा."

मी हिरवा बेस घेतला, मोठ्या अँपला लावला आणि वाजवायला लागले. पप्पा स्टुलावर बसले, माझ्या बोटांकडे बघत. पाय हलायला लागला, मान डोलायला लागली. मी थांबले.

"छान," ते म्हणाले.

मला ती मान आता ओळखता येत होती. त्यांना न कळलेल्या प्रत्येक बोलण्याला ते तीच मान हलवतात, पाहुण्यांच्या, बँकेतल्या माणसाच्या, माझ्यासुद्धा. मी उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "पप्पा, पाठ करून बसा. रस्त्याकडे बघा. ऐकू आलं की हात वर करायचा, आवाज संपला की खाली."

"कानाच्या डॉक्टरकडे असतं तसं?"

"हो."

"तिथं मी नापास झालो होतो," ते म्हणाले. पण स्टूल वळवून बसले.

मी पुन्हा वाजवलं, सावकाश, एकेक सूर. जाड तारेवर त्यांचा हात वर गेला, जरा उशिरा, आणि लगेच खाली आला. पुढच्या तारेला अर्धवट उचलला, जसं काही विचारावं. त्याच्या पुढे मी जे जे वाजवलं, माझं सगळ्यांत आवडतं, सगळ्यांत जमलेलं, त्याला तो हात मांडीवरच राहिला. काकांनी अँपची बटणं फिरवून पाहिली. थोडा फरक पडला. काका माझ्याकडे बघत होते, मग पप्पांच्या पाठीकडे.  आत जाऊन ते दुसरा एक बेस घेऊन आले.

"हा बघा. पाच तारांचा आहे. एकाने वापरून परत दिला, जड पडतो म्हणून."

जुन्या लाकडी कपाटाच्या रंगाचा होता तो. पट्टा खांद्यावर घेतला तेव्हा मी एका बाजूला झुकले. मान इतकी रुंद की अंगठा मागे आणि बोटं पुढे, मधे मावेना. नेहमीच्या चार तारांच्या वर, माझ्या हनुवटीकडच्या बाजूला, आणखी एक तार होती, चार्जरच्या वायरीएवढी जाड. दुसरं काही जमेना म्हणून मी ती एकटीच छेडली.

भिंतीवरच्या झांजा बारीक थरथरल्या. पप्पांचा हात वर गेला. त्याच क्षणी, वाट न बघता. तो सूर मी धरून ठेवला. तो हळूहळू विरत गेला, लहान होत गेला, आणि मला ऐकू येणं जिथे थांबलं तिथेच पप्पांचा हात खाली आला.

मी पुन्हा छेडली. पुन्हा तसंच झालं. लहानपणापासून आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी ऐकली असेल असं मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी अँपच्या बटणांशी खाली वाकले.

"हा द्या," मी काकांना म्हणाले.

पप्पा वळले होते. त्यांनी माझ्या हातातल्या बेसकडे पाहिलं, मग स्टँडवर ठेवलेल्या हिरव्याकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे.

"तुला तो पाहिजे," ते म्हणाले.

"नाही. हा."

"खोटं बोलू नको. तो खाली ठेवताना बघितलं मी तुला. मांजराचं पिल्लू ठेवल्यासारखा ठेवलास."

"पप्पा, हा चांगला आहे. काकांना विचारा."

"काकांना काय विचारू? वाजवणार तू का काका?" त्यांचा आवाज दुकानात मोठा झाला, तो किती मोठा झालाय हे त्यांना कळत नाही. "माझ्या कानासाठी घेतीस होय? आणि कान अजून उतरले म्हंजे? डॉक्टर काय म्हणला, मी पण होतो तिथं. मग हा धोंडा गळ्यात घेऊन काय करशील?"

दुसरं एक गिऱ्हाईक पेटी बघत होतं, ते थबकलं. मला नेहमी होतं तसं झालं, कुठेतरी आत शिरून दार लावून घ्यावं असं.  पप्पांनाही ते कळलं असावं. ते खालच्या आवाजात, म्हणजे त्यांना खालचा वाटतो त्या आवाजात म्हणाले, "मी इथं बसलो तर तू माझ्या तोंडाकडे बघून ओके देशील. डाय बसवणाऱ्यानं ओके द्यायचं नसतं. मी बाहेर थांबतो. तू नीट बघ."

ते रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभे राहिले, दुकानाकडे पाठ करून.

मी आधी हिरवा घेतला. मला तो किती आवडतो हे मला तेव्हा नव्याने कळलं, कारण आता तो सोडायचा विचार मनात येऊन गेला होता. माझी बोटं धावायला लागली. सगळं नेटकं, स्वच्छ, भरभर. ऐकता ऐकता मला वाटलं, मी बोलतेही अशीच. भराभर, हळू आवाजात, कुणी ऐकायच्या आत संपवून टाकते. काचेपलीकडे पप्पांची पाठ होती. त्यांचा शर्ट खांद्यांपाशी विटलेला होता.

मग पाच तारांचा घेतला. त्याच्यावर भरभर काही जमेना. एक सूर छेडायचा आणि पुढच्यापर्यंत हात पोचेस्तोवर थांबायचं. त्या थांबण्यात आधीचा सूर खोलीभर उभा राहायचा, आणि मला तो सोडून पळता यायचं नाही. आतापर्यंत मी बेस लपायला वाजवत होते. याच्यामागे लपायला जागाच नव्हती. दुकानाची काच हलत होती. बाहेर रिक्षा होत्या, रसाचं यंत्र चालू होतं, पप्पांना काहीच ऐकू जात नसणार, आणि ते वळलेही नाहीत. तरीही मला तोच हवा होता. त्यांचे कान उतरतील हे खरं होतं. पण आज ते आहेत, आणि माझ्याजवळ सांगायचं बरंच साठलंय.

हिरवा मी माझ्या हाताने परत भिंतीवर टांगला. काका म्हणाले, "नीट विचार केलात ना?" मी मान हलवली.

बाहेर आले तेव्हा पप्पांनी माझ्या खांद्यावरची मोठी पिशवी पाहिली. ती हातात घेऊन तोलून पाहिली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मूठ तळव्यावर आपटली नाही त्यांनी. "रस पी," एवढंच म्हणाले आणि माझा ग्लास पुढे केला.

पुढचे काही आठवडे त्या बेसने माझा जीव काढला. मनगट दुखायचं, खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायचा. मम्मी तेल लावताना म्हणायची, "पोरीला नांगराला जुंपल्यासारखं झालंय." ऑफिसातून येताना त्या गल्लीपाशी माझी गाडी आपोआप हळू व्हायची. हिरवा बेस भिंतीवर असायचा. एक दिवस नव्हता. तिथे मोकळा हुक होता. त्या रात्री मी जेवले नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. अजूनही कधी कधी माझी डाव्या हाताची बोटं रिकामीच त्या बारीक मानेवर फिरल्यासारखी हलतात, मीटिंगमध्ये, टेबलाखाली. कोण घेऊन गेलं असेल, त्याचे हात केवढे असतील, असं मनात येतं.

घरी मी पप्पा बाहेर गेलेले असतानाच वाजवायचे. जमल्याशिवाय त्यांच्यापुढे वाजवायचं नाही असं मी ठरवलं होतं. मोठा अँप विकत घेणं जमलं नाही, पण कॉलेजच्या एका मैत्रिणीच्या घरी एक धूळ खात होता, तो तिने वापरायला दिला.

मग एका रविवारी दुपारी मी पट्टा गळ्यात घातला आणि पप्पा बाहेरच्या खोलीत आले. हातात पेपर होता. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, वळवली आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसले. पेपर उघडला. मी त्यांना तसं बसायला सांगितलं नव्हतं.

मी वाजवायला लागले. मिरवणुकीतलं ते गाणं, त्याचा फक्त पाया. त्याच्या वरचे शब्द खोलीत कुठेच नव्हते. बराच वेळ काही झालं नाही. पेपराचं पान उलटलं गेलं. मग त्यांचा उजवा पाय हलायला लागला, आधी टाच, मग सगळं पाऊल. मी डोळे त्या पायावरच ठेवले होते. माझी भीती काय होती ते मला माहीत होतं. मी कडव्याच्या मधोमध तारांवर तळवा ठेवला आणि आवाज बंद केला.

पाय थांबला.

 पप्पा खिडकीकडेच बघत म्हणाले, "थांबलीस का?"

"पप्पा," मी म्हणाले. त्यांच्या पाठीला ते ऐकू गेलं नाही. आणखी काही म्हणाले असते तरी गेलं नसतं. खोलीत मम्मीच्या कुकरची शिट्टी झाली, तीही त्यांना कळली नाही.

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. दोन्ही हात खांद्याच्या वर आणले, मला मागून दिसतील असे, आणि मूठ तळव्यावर एकदा आपटली.

मी अंगठा वरच्या तारेवर नेला.